पोलादाचे पाणी आणि लेसरचा किरण



आमच्या गावी एक वयोवृद्ध लोहार आहेत. सारा गाव त्यांना नाना म्हणतो, म्हणून मीही नानाच म्हणतो. गेल्या दिवाळीत गावी गेलो, तेव्हा माझ्या पिशवीत एका पोलादी दांड्याचा तुकडा होता. हातभर लांब, मनगटाएवढा जाड आणि घासून आरशासारखा केलेला. तो मी नानांच्या पुढ्यात ठेवला आणि विचारले, "नाना, याला पाणी कसं बसलंय, सांगा बघू."

नानांनी तुकडा फिरवून पाहिला. मग ऐरणीवर टेकवला, कानस घेतली आणि दांड्याच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने ओढली. काचेवरून जावी तशी कानस किणकिणत घसरत गेली. मध्येच 'खर्र' असा आवाज झाला. पुन्हा किणकिण, पुन्हा खर्र. नानांनी मान वर केली.

"अरे, हे पट्ट्यापट्ट्यानं पाणी कुणी दिलंय? इथं आहे, इथं उतरलंय, पुन्हा इथं आहे. कुठल्या भट्टीत तापवला हा?"

"भट्टीत नाही, नाना. उजेडानं तापवलाय."

शहरात जाऊन पोराचे डोके फिरले, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले. परंतु मी सांगत होतो ते खरे होते. तो दांडा लेसरच्या किरणाने कठीण केलेला होता. आणि नानांच्या कानशीने दोन मिनिटांत जे सांगितले, ते माझ्या ध्यानात यायला चार महिने लागले होते. त्या चार महिन्यांत दोन सज्जन माणसांचे पैसे अडकले आणि नावही गेले. ही हकीकत मी पुढे सांगणारच आहे. पण ती कळायची, तर पोलादाला पाणी देणे म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

लोहार छिन्नी लालबुंद तापवतो आणि तिचे तोंड पाण्यात बुडवतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. चर्र आवाज होतो, वाफ उठते आणि छिन्नीला 'पाणी चढते'. बाहेरचे पाणी आत शिरत नाही, हे उघड आहे. मग आत होते काय? पोलाद म्हणजे लोखंड आणि त्यात मिसळलेला थोडासा कार्बन. आपण ज्या दांड्याविषयी बोलत आहोत, त्याच्या जातीच्या शंभर किलो पोलादात कार्बन असतो जेमतेम साडेचारशे ग्रॅम. पण सारा खेळ या चिमूटभर कार्बनचा आहे.

इंग्लंडातील शेफील्ड या पोलादाच्या गावी हेन्री क्लिफ्टन सॉर्बी नावाचे एक अभ्यासक होऊन गेले. १८६० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी पोलादाचा तुकडा घासून गुळगुळीत केला, सौम्य आम्लाने किंचित खाऊ दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. एकजीव दिसणारे पोलाद आतून दाणेदार असते, हे त्यातून दिसून आले. आपल्या दांड्याच्या पोलादात दोन तऱ्हेचे दाणे असतात. काही दाणे पांढरे स्वच्छ. त्यांना फेराइट म्हणतात. त्यांत कार्बन जवळजवळ नसतोच. दुसरे दाणे पदरापदरांचे, चिरोट्यासारखे. एक पदर लोखंडाचा, एक पदर लोखंड-कार्बनच्या संयुगाचा. मोत्यासारखी झाक मारतात म्हणून त्यांना पर्लाइट हे नाव पडले. पोलादातला बहुतेक सगळा कार्बन या चिरोट्यांत साठवलेला असतो. म्हणजे गावातले सगळे धान्य अर्ध्या घरांच्या कणग्यांत आणि उरलेली घरे रिकामी, असा हा प्रकार आहे.

पोलाद साधारण ७२७ अंश सेल्सियसच्या वर तापले की ही जुनी मांडणी मोडू लागते. नवी मांडणी होते तिला ऑस्टेनाइट म्हणतात, आणि दुधात साखर विरघळावी तसा कार्बन तिच्यात विरघळतो. आता हे पोलाद एकदम थंड केले, तर कार्बनला पुन्हा चिरोटे मांडून बसायला सवड मिळत नाही. तो जिथल्या तिथे कोंडला जातो. त्या कोंडमाऱ्यातून जे अतिकठीण रूप होते, त्याला मार्टेन्साइट म्हणतात. अडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाचे हे नाव आहे. लोहाराचे 'पाणी' ते हेच. एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा: मार्टेन्साइट किती कठीण होणार, हे त्या ठिकाणी किती कार्बन कोंडला गेला यावर ठरते. कार्बन पुष्कळ, तर कठिणता पुष्कळ. कार्बन थोडा, तर एकदम थंड करूनही कठिणता बेताचीच.

नानांच्या भट्टीत छिन्नी काही मिनिटे तापते. तेवढ्या वेळात कार्बन चिरोट्यांतून निघून रिकाम्या दाण्यांत पोचतो, सगळीकडे सारखा पसरतो. म्हणून नानांनी दिलेले पाणी एकसारखे लागते.

आता लेसरकडे येऊ. पहिला लेसर थिओडोर मैमन यांनी १९६० च्या मे महिन्यात अमेरिकेत पेटवला. तो माणकाच्या कांडीचा होता. कारखान्यात पोलाद तापवण्याजोगा जोरकस लेसर आला तो कार्बन डायऑक्साइड वायूचा, आणि १९६४ साली तो शोधून काढला सी. कुमार एन. पटेल यांनी. हे पटेल जन्मले आपल्या बारामतीत, १९३८ साली. पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजातून पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले. बारामतीच्या बाजूचे श्रोते ऐकत असतील त्यांना हे ठाऊक असेलच. नसेल तर शाळेत मुलांना जरूर सांगावे.

या लेसरचा किरण डोळ्यांना दिसत नाही. आरसे व भिंगे यांच्या साहाय्याने तो काही मिलिमीटर रुंदीच्या ठिपक्यात आणतात आणि पोलादावरून फिरवतात. ठिपका जिथे पडतो तिथला वरचा थर क्षणात हजार अंशांच्या आसपास तापतो. पण वितळत नाही, कारण वितळायला चौदाशेच्या वर जावे लागते. ठिपका पुढे सरकला की मागचा तापलेला थर ताबडतोब थंड होतो. कशाने? पाण्याने नव्हे, तेलानेही नव्हे. खालचे सगळे पोलाद थंडच असते. तेच वरच्या पातळ थराची उष्णता ओढून घेते. पोलाद आपले पाणी आपणच पिते म्हणा ना! अर्ध्या ते दीड मिलिमीटर जाडीचा थर असा कठीण होतो आणि आतला गाभा चिवट राहतो. सगळी वस्तू तापत नाही, म्हणून ती फारशी वाकत-पिळवटत नाही. हा या पद्धतीचा मोठाच गुण आहे, आणि म्हणून ती हल्ली पुष्कळ ठिकाणी वापरतात.

परंतु तिची जी घाई आहे, तीच तिची खोड आहे.

थोडे गणित करू. पाच मिलिमीटरचा ठिपका सेकंदाला दहा मिलिमीटर या वेगाने सरकत असेल, तर कोणत्याही एका जागेवर तो अर्धाच सेकंद असतो. तेवढ्या अर्ध्या सेकंदात कार्बनला प्रवास करायचा आहे. चिरोट्याच्या आतल्या आत एका पदरातून दुसऱ्यात जायचे, तर अंतर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या दुप्पट-तिप्पट. साडेनऊशे अंशांवर हा प्रवास सेकंदाच्या दोन-तीन हजारांश भागात संपतो. पण शेजारच्या रिकाम्या फेराइटच्या दाण्यात आत शिरायचे, तर अंतर याच्या शंभरपट होऊ शकते. तुम्ही म्हणाल, मग वेळही शंभरपट लागेल. तसे होत नाही; वेळ लागतो दहा हजारपट! कारण कार्बनचा कण सरळ रस्त्याने चालत नाही. जत्रेतल्या गर्दीत सापडलेल्या माणसासारखा तो इकडून ढकलला जातो, तिकडून ढकलला जातो. अशा चालीत अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट होतो, आणि शंभरपट झाले की शंभर गुणिले शंभर. हिशेब केला तर वीस-पंचवीस सेकंद. आणि आपल्याजवळ आहे अर्धा सेकंद!

तेव्हा होते काय, की चिरोट्याच्या जागी भरपूर कार्बनचे कठीण मार्टेन्साइट, आणि त्याला लागून फेराइटच्या जागी कार्बनवाचून उपाशी राहिलेला मऊ दाणा. जुन्या मांडणीचा ठसा तसाच राहतो. रंग नीट न कालवता भिंत सारवावी तसे हे आहे. पृष्ठभागालगत उष्णता सर्वांत जास्त, म्हणून तिथे मिसळणे त्यातल्या त्यात बरे होते. खाली जावे तसतसे हे मऊ दाणे वाढत जातात, आणि थराच्या तळाशी तर पांढरे फेराइट जसेच्या तसे बसलेले दिसते. मायकेल ॲश्बी आणि केनेथ ईस्टरलिंग यांनी १९८४ साली या सगळ्याचा रीतसर हिशेब मांडला: किरणाचा जोर किती, वेग किती, दाणे केवढे, मग कठिणता किती खोलवर आणि किती मिळेल. कारखानदाराला आधी गणित करून मग किरण सोडता यावा, अशी सोय त्यातून झाली.

शिक्षक बंधुभगिनींना एक प्रयोग सुचवतो. दुकानात चायना ग्रास मिळते. ते पाण्यात उकळून बशीत ओता आणि थिजू द्या. मधोमध पोटॅशियम परमँगनेटचा एक बारीक खडा ठेवा. जांभळा डाग एका तासात किती पसरला ते मोजा. मग चार तासांनी मोजा. मुले म्हणतील चौपट होईल. तो साधारण दुप्पटच झालेला आढळेल. पोलादात कार्बन असाच पसरतो, फक्त तिथे आपल्याला पाहता येत नाही.

आतापर्यंत जे सांगितले ते एका पट्ट्याच्या पोटातले. नानांच्या कानशीला जे लागले, ते मात्र याहून ठळक होते. किरणाचा ठिपका लहान आणि दांडा मोठा. म्हणून शेतात नांगराचे तास मारावेत तसे पट्ट्याशेजारी पट्टे मारावे लागतात. मध्ये जागा मोकळी राहू नये म्हणून दुसरा पट्टा पहिल्याच्या काठावर थोडा चढवतात. इथेच घोटाळा होतो. पहिल्या पट्ट्याला पाणी चढून तो थंड झालेला असतो. दुसरा पट्टा मारताना त्याचा काही भाग पुन्हा सातशेच्या वर तापतो. त्याला नव्याने पाणी चढते, तिथे तक्रार नाही. पण त्याच्या लगतचा चिंचोळा भाग तीनशे, चारशे, सहाशे अंश असा अर्धवटच तापतो. कोंडलेल्या कार्बनला तेवढी ऊब पुरते. तो सुटतो, बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडतो आणि मार्टेन्साइट मऊ पडते. नाना रोज हेच करतात. पाणी दिलेली छिन्नी ठिसूळ राहू नये म्हणून तिला पुन्हा थोडी ऊब देतात, रंग पिवळसर झाला की थांबतात आणि निळा पुढे जाऊ देत नाहीत. ते जाणून केलेले असते. इथे न कळत, आणि प्रमाणाबाहेर होते. पाणी उतरते, हा नानांचा शब्द अगदी नेमका आहे.

आता त्या दांड्याची हकीकत.

दोन भाऊ एक लहानसे वर्कशॉप चालवतात. त्यांना पंपाच्या दट्ट्यासाठी छत्तीस दांडे बनवायचे काम मिळाले. दांडे त्यांनी कातले आणि कठीण करण्यासाठी दुसरीकडे पाठवले. तिथे ते लेसरने मळसूत्री पट्टे मारून कठीण झाले. कठिणता तपासून दाखला द्यायचे काम माझ्याकडे होते. हिऱ्याचे टोक पोलादात दाबायचे आणि ते किती रुतले यावरून रॉकवेलचा आकडा वाचायचा, अशी ती रीत आहे. दांड्यांवर अजून शेवटची घासणी झालेली नव्हती, म्हणून पट्टे निळसर झाक मारीत स्वच्छ दिसत होते. मी काय केले? पट्टा दिसतोच आहे, तर टोक त्याच्या मधोमध ठेवले. प्रत्येक दांड्यावर तीन जागी. आकडे आले सत्तावन्न, अठ्ठावन्न, अठ्ठावन्न. मी सही करून मोकळा झालो.

चार महिन्यांत दांडे परत येऊ लागले. प्रत्येकावर स्क्रूच्या आट्यासारखी खोबण झिजून पडली होती आणि तिच्यातून पाणी गळत होते. माल घेणाऱ्याने उरलेले पैसे रोखले. भावांनी हलके पोलाद वापरले, असा बोभाटा झाला. त्यातला थोरला भाऊ माझ्याकडे आला आणि एवढेच म्हणाला, "साहेब, पोलादाची पावती माझ्याकडे आहे. तुमचाही दाखला आहे. मग खोटं कोण?"

मी एक दांडा उभा कापला, घासला, स्पिरिटमध्ये कालवलेले पातळ नायट्रिक आम्ल त्यावर फिरवले. पोलाद त्यांनी सांगितले तेच निघाले. पण कापलेल्या काठाशी, ओळीने ठेवलेल्या बशांसारखे कठीण पट्ट्यांचे छेद उमटले. मध्ये खोल, कडांना उथळ. आणि दोन बशा जिथे एकमेकींवर चढल्या होत्या, तिथे प्रत्येक सांध्यालगत एक काळपट रेघ. बारीक टोकाचे यंत्र घेऊन मी आडव्या ओळीने, थोड्या थोड्या अंतरावर कठिणता मोजत गेलो. रॉकवेलच्या मापात सांगायचे तर पट्ट्याच्या मध्यात अठ्ठावन्न, काळ्या रेघेवर बेचाळीस, पुढे पुन्हा अठ्ठावन्न. झीज नेमकी त्या रेघांवरूनच गेली होती. शिवाय दांडे घेतले होते साध्या, मोठ्या दाण्यांच्या अवस्थेत. त्यामुळे पट्ट्याच्या पोटातही फेराइटचे मऊ बुंदके होतेच.

दाखल्यातला एकही आकडा खोटा नव्हता. फक्त जिथे पोलाद मऊ असणार, तिथे मी मोजलेच नव्हते. हे मी तसेच लिहून माल घेणाऱ्याकडे पाठवले. लिहिताना हात जड झाला होता, हे कबूल करतो. भावांचे पैसे सुटले, पण बोभाटा पूर्ण मिटायला पुढचे वर्ष उजाडले.

यावर उपाय काय, असे विचाराल, तर ते पुष्कळ आहेत. पहिला उपाय पोलाद किरणाखाली जाण्यापूर्वीचा. ते आधी भट्टीत तापवून, तेलात विझवून, पुन्हा ऊब देऊन घ्यावे. मग रिकामे मोठे दाणे राहत नाहीत; कार्बन बारीक कणांनी सगळीकडे विखुरलेला असतो आणि अर्ध्या सेकंदातही त्याला घर सापडते. किरण हळू चालवला तर वेळ वाढतो खरा. पण फार हळू चालवला तर वरचे पोलाद वितळू लागते, किंवा आतला भाग तापून उष्णता ओढेनासा होतो आणि पाणीच चढत नाही. म्हणून हल्ली ठिपक्याचे तापमान दुरून मोजून किरणाचा जोर क्षणोक्षणी कमीजास्त करतात. गोल ठिपक्याऐवजी रुंद, चौकोनी ठिपका वापरला की पट्टाही बशीसारखा न राहता सपाट येतो. चकचकीत पोलाद कार्बन डायऑक्साइड लेसरचा बहुतेक किरण परतवते, म्हणून त्याला काळा लेप देतात. तो लेप कुठे जाड, कुठे पातळ बसला, तर कठिणताही तशीच खालीवर होते.

आणि सांध्याचे काय? सांधा पुरता नाहीसा करणे कठीण आहे. तो कुठे पडावा हे मात्र आपल्या हातात असते. अमेरिकेत मिशिगन राज्यातील सॅगिनॉ येथे १९७० च्या दशकात मोटारीच्या स्टिअरिंगच्या पेट्या लेसरने कठीण करू लागले. त्या होत्या बिडाच्या, आतून दट्ट्या सरकणाऱ्या. तिथल्या कारागिरांनी सगळा पृष्ठभाग कठीण करण्याचा हट्टच धरला नाही. आतल्या अंगाला सुटे सुटे अरुंद पट्टे मारले; पट्ट्यावर पट्टा चढवला नाही. दट्ट्याचा भार पट्ट्यांनी पेलला आणि मधले मऊ बीड सुरक्षित राहिले. असमानता इथेही होती, पण ती त्यांनी ठरवून, हव्या त्या जागी ठेवली होती.

आमच्या दांड्याला ही युक्तीही चालण्यासारखी नव्हती. त्याच्या अंगावरून गळती रोखणारे पॅकिंग सगळ्या लांबीभर घासत जाते; तिथे एकही मऊ रेघ परवडत नाही. माझे स्पष्ट मत असे, की त्या कामाला लेसर निवडणेच चुकले. साच्याची कड, भोकाचा आतला काठ, एकाच पट्ट्यात भागेल अशी जागा, ही लेसरची कामे. गोल लांब दांड्याला विजेच्या वेटोळ्यातून सरकवत तापवण्याची इंडक्शनची जुनी रीत अधिक बरी. वेटोळे सगळ्या अंगाला एकदम वेढते आणि लगोलग मागून पाण्याचे फवारे येतात, त्यामुळे मळसूत्री सांधा पडायचे कारणच उरत नाही. दोघा भावांनी दुसऱ्या खेपेचे दांडे तसेच करून घेतले. मीही या वेळी टोक एका जागी न ठेवता, दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने मोजत गेलो.

पाणी उतरलेला तो तुकडा मी नानांकडेच ठेवून आलो. त्यांच्या हाताखाली दोन पोरे काम शिकतात. कानशीचा आवाज ओळखायला नाना त्यांना तो दांडा देतात, असा निरोप परवाच आला.